एकच उतार, चार ऋतू

कोलकात्यात राहून मी डोंगरांचे फोटो काढते, असं सांगितलं की लोक आधी हसतात. बरोबरच आहे त्यांचं. हे शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊ-दहा मीटरवर आहे. इथे चढ म्हणजे फ्लायओव्हर आणि उतार म्हणजे फ्लायओव्हरची दुसरी बाजू. भोर तालुक्यातल्या हिरडस मावळात वाढलेल्या मुलीला पहिले सहा महिने इथे कशाची उणीव भासत होती, हे माझं मलाच कळेना. मासे चांगले मिळत होते, माणसं प्रेमळ होती, हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला मराठी कानावर पडत होतं. मग एके दिवशी लक्षात आलं, इथे मान वर करून बघण्यासारखं काहीच नाही.

पण बंगाली माणसाला डोंगराचं वेड आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. ऑफिसात सुट्टीचा विषय निघाला की एक शब्द हमखास ऐकू येतो, 'दीपुदा'. मला आधी वाटलं, हे कोणी तरी दादा असणार. नंतर कळलं, दीघा, पुरी आणि दार्जिलिंग! मध्यमवर्गीय बंगाली घराच्या तीन ठरलेल्या सहली. दोन समुद्राच्या, एक डोंगराची. सियालदाहून रात्री दहाच्या सुमारास दार्जिलिंग मेल सुटते, तेव्हा प्लॅटफॉर्मवर माकडटोपी घातलेली आख्खी कुटुंबं उभी असतात. कोलकात्यात घाम येत असला तरी टोपी डोक्यावरच. फाळणीपूर्वी हीच गाडी आजच्या बांगलादेशातून जायची. आता भारतातूनच साधारण 570 किलोमीटर कापून सकाळी न्यू जलपाईगुडीला पोचवते. तिथून पुढे डोंगर.

मीही त्या गाडीत बसले. पण एकदा नाही, एका वर्षात चार वेळा, आणि चारही वेळा एकाच गावात गेले. का, ते सांगते.

माझं काम कंटेंट रायटिंगचं. 'हिवाळ्यात पाहायलाच हवीत अशी दहा ठिकाणं' छापाचे लेख मी पोटासाठी लिहिते, त्यातल्या निम्म्या ठिकाणी मी गेलेली नसते. (तुम्ही असे लेख वाचून कुठे गेला असाल आणि निराश झाला असाल, तर क्षमस्व.) या दहा-दहाच्या याद्यांचा एके दिवशी इतका वीट आला की ठरवलं, आपण एकच ठिकाण घ्यायचं आणि दहा नाही तरी चार वेळा बघायचं. धर्मतल्ल्याच्या मेट्रो गलीत, जिथे कॅमेऱ्यांची दुकानं एकाला एक चिकटून आहेत, तिथे एक जुना कॅमेरा घेतला. मोबाईल होताच.

मेट्रो गलीतून बाहेर पडून चौरंगीच्या दिशेने दोन पावलं गेलं की बोर्न अँड शेफर्ड या स्टुडिओची जुनी इमारत लागते. 1991 मध्ये तिला आग लागली, त्यात जुना संग्रह मोठ्या प्रमाणात जळाला, आणि 2016 मध्ये स्टुडिओ कायमचा बंद झाला. त्यातला बोर्न म्हणजे सॅम्युअल बोर्न. हा इंग्रज 1863 मध्ये भारतात आला आणि पुढच्या तीन वर्षांत हिमालयात तीन मोहिमा केल्या. तेव्हा फोटो काढायचा म्हणजे काय प्रकार होता बघा. काचेच्या तावदानावर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच कॅमेऱ्यात घालायचं, आणि सुकायच्या आत तंबूच्या अंधारात धुवायचंही. म्हणजे तंबू, काचा, बाटल्या, पाणी, सगळं पाठीवर वाहून न्यायचं. अर्थात बोर्नच्या पाठीवर नाही! 1866 च्या मोहिमेत त्याच्यासोबत ऐंशीच्या आसपास हमाल होते. त्या मोहिमेत मणिरंग खिंडीत त्याने 18,600 फुटांवर फोटो काढले, आणि इतक्या उंचीवर फोटो काढायचा तो विक्रम वीसेक वर्षं टिकला. बोर्नचे फोटो फार सुंदर आहेत. पण त्यातल्या बऱ्याच फोटोंत माणूस असतो तो फक्त डोंगर किती मोठा आहे हे दाखवायला, मोजपट्टीसारखा. ही गोष्ट मला तेव्हा खटकली नव्हती.

मी निवडलेलं गाव म्हणजे सिटोंग. दार्जिलिंग जिल्ह्यात, कर्सियांगच्या बाजूला. न्यू जलपाईगुडीहून सेवक, कालीझोरा, लाटपंचार असं वर चढत जावं लागतं. डाव्या-उजव्या हाताला सिंकोनाच्या बागा लागतात, ज्याच्या सालीपासून मलेरियावरचं क्विनाइन निघतं ते झाड. जवळच मंगपू आहे. तिथे मैत्रेयी देवींच्या घरी रवींद्रनाथ ठाकूर अखेरच्या वर्षांत अनेकदा येऊन राहिले होते. सिटोंग प्रसिद्ध आहे ते संत्र्यांसाठी. चार हजार फुटांच्या आसपासचं विखुरलेलं गाव, लेपचा आणि नेपाळी घरं, पत्र्याची छपरं, दारात फुलांच्या कुंड्या.

डिसेंबरात पहिल्यांदा गेले. ज्या घरी उतरले तिथल्या ताईंना मी दीदी म्हणायचे, त्या मला 'बहिनी' म्हणायच्या. घरात दादा होते आणि दादांची आई, जिला सगळे 'बोजू' म्हणजे आजी म्हणत. घराच्या मागे एक मोठा दगड. त्यावर उभं राहिलं की समोरचा अख्खा उतार दिसे. खाली संत्र्याची झाडं, मध्ये पायऱ्यापायऱ्यांची शेतं, एका कडेला लाल पत्र्याचं घर, आणि आकाश मोकळं असेल तर वरच्या कोपऱ्यात कांचनजंगा. 8,586 मीटर, जगातलं तिसरं उंच शिखर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एव्हरेस्टचं गणित सुटेपर्यंत हेच जगातलं सर्वांत उंच मानलं जात होतं. 1955 मध्ये दोन ब्रिटिश गिर्यारोहक माथ्यापर्यंत पोचले, पण सिक्कीममध्ये हे शिखर पवित्र मानतात म्हणून शेवटची काही पावलं त्यांनी टाकलीच नाहीत. ही गोष्ट मला दादांनी सांगितली, आपल्या नात्यातलं कोणी तसं वागलं असावं अशा अभिमानाने.

डिसेंबरचा फोटो कोणालाही चांगला येतो, खरं सांगते. सव्वासहा-साडेसहाला सूर्य उगवतो. आधी शिखराचं टोक गुलाबी होतं, मग नारिंगी, मग पांढरं, आणि दहा-पंधरा मिनिटांत खेळ खलास. तुम्ही मोबाईलने काढणार असाल तर एक करा. स्क्रीनवर बर्फावर बोट टेकवा आणि तिथेच दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही तिथे कुलूपबंद होतील. मग बोटाने उजेड थोडा कमी करा. नाहीतर फोन खालच्या काळ्या दरीकडे बघून उजेड वाढवतो आणि बर्फाचा नुसता पांढरा डाग होतो. बोटांनी ताणून झूम करू नका, त्याने चित्र फाटतं. आणि बॅटरी थंडीत पटकन उतरते, म्हणून रात्री फोन पांघरुणात घेऊन झोपा. कॅमेरा असेल तर थंडीतून उबदार खोलीत नेताना आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, म्हणजे दव पिशवीवर बसेल, काचेवर नाही.

तो फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. आईने हात जोडलेले दोन पाठवले, मामाने अंगठा. आबांनी काहीच पाठवलं नाही. रात्री फोन केला तर म्हणाले, "चांगलाय. कॅलेंडरवर अस्तोय तसा हाय." त्यानंतर बोलले ते आमच्या वरकस जमिनीबद्दल. घरामागच्या उताराचा तो तुकडा. पुण्याचा एक एजंट दुसऱ्यांदा येऊन गेला होता, फार्महाऊसच्या प्लॉटसाठी. भाताचं खाचर ठेवायचं, पण वरच्या वरकसात आता होतंय काय? नाचणी लावायला माणूस मिळत नाही, आबांचे गुडघे चढ घेत नाहीत, भाऊ चाकणला कंपनीत. "इकून टाकावं म्हंतो," आबा म्हणाले. मी "हं" म्हणाले. खरं तर काय म्हणायचं ते सुचलं नाही. दोन हजार किलोमीटरवर बसून जमीन विकू नका म्हणणं फार सोपं असतं.

मार्चअखेरीस दुसरी फेरी. तुम्हाला कोणी सांगेल की वसंतात डोंगर सर्वांत सुंदर, तर उंची विचारा. गुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन बघायचे तर संदकफूच्या वाटेवर, सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात एप्रिल-मेमध्ये जा. सिटोंग त्यामानाने खाली आहे. तिथे मार्चमध्ये धुरकट असतं. महिनोन्‌महिने पाऊस नाही, खालच्या जंगलांत वणवे, हवेत धूळ. पाच दिवसांत कांचनजंगा एकदाही दिसली नाही. पण संत्र्याला मोहर आला होता आणि त्याचा वास असा की झोपेतून उठावं. तो काही फोटोत येत नाही. बांधांवरचं आमलिसो नावाचं उंच गवत कापायचं काम चालू होतं. आपल्या घरातला तो मऊ फुलझाडू असतो ना, तो याच गवताच्या तुऱ्यांचा. बायका भारे पाठीवर घेऊन, पट्टा कपाळाला लावून चढत होत्या. मी दगडावर उभी राहून त्याच चौकटीतला फोटो काढला. शिखर नाही, रंग नाही, मातकट पायऱ्या. कोलकात्याला परत येताना गाडीत वाटलं, पैसे वाया गेले.

इथे एक हातचं काम सांगते, कारण पुढे त्याचाच उपयोग झाला. ऋतू बदलताना एकाच जागेचे फोटो काढायचे असतील तर जागा म्हणजे अगदी तीच जागा हवी. 'साधारण तिथेच' चालत नाही. मागचा फोटो मोबाईलवर उघडा ठेवायचा, तीच लेन्स, तीच उंची, आणि फोटोतली दोन न हलणारी टोकं एका रेषेत येईपर्यंत पुढे-मागे सरकायचं. माझ्यासाठी ती टोकं म्हणजे लाल पत्र्याचा कोपरा आणि त्यामागची एका सुळक्याची धार. पाच-दहा मिनिटं जातात. बोजू अंगणातून बघून हसायची. तिला वाटे, दगडावर कसला नाच चाललाय.

पावसाळ्यात जाऊ नकोस, असं सगळ्यांनी बजावलं होतं. मुळात ते शहाणपणाचंच आहे. जून ते सप्टेंबर इथे तीनएक हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, दरडी कोसळतात, तिस्तेच्या काठचा राष्ट्रीय महामार्ग वरचेवर बंद होतो. सिंगालीला तर जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंदच असतं. तुम्ही लहान मुलं, म्हातारी माणसं घेऊन निघणार असाल तर खरंच नका जाऊ. मी गेले जुलैच्या शेवटी, रस्त्याची खात्री करून, एकटी.

कुहिरो. नेपाळीत धुक्याला कुहिरो म्हणतात. तीन दिवस मी खिडकीतून कुहिरो बघितला. सत्यजित राय यांनी 1962 मध्ये दार्जिलिंगला 'कांचनजंघा' हा चित्रपट काढला. त्यांची पहिली स्वतंत्र पटकथा आणि पहिला रंगीत चित्रपट. एका श्रीमंत कुटुंबाची सहलीची शेवटची दुपार, ऊन, ढग, धुकं, परत ऊन. त्यातले राय ऊन-धुक्याचा हिशेब मांडून चित्रण करत होते. धुकं आलं की धुक्यातला प्रसंग, ऊन आलं की उन्हातला. मला तेवढं कुठे जमणार? मी पायाच्या जळवा मीठ लावून काढत होते आणि दीदींच्या चुलीपाशी बसून मक्याचं कणीस खात होते.

चौथ्या दिवशी दुपारी अर्धा तास उघडलं. धावत दगडावर गेले, टोकं जुळवली, फोटो काढला. वरचा कोपरा पांढराफटक. बाकी सगळं हिरवं, इतकं हिरवं की कॅमेऱ्याला पेलेना. रात्री नाइलाज म्हणून तो घरी पाठवला. पाठवताना लिहिलं, 'डोंगर दिसत नाही, सॉरी.'

दहा मिनिटांत आबांचा फोन! स्वतःहून, आणि तोही व्हिडिओ कॉल. त्यांना बटण सापडत नव्हतं, स्क्रीनवर नुसता त्यांचा कान दिसत होता.

"आगं, मक्यात नाचणी लावल्याय त्यांनी."

मला कळेना.

"फोटू मोठा करून बघ. मका काढायला आल्याला हाय आन् खाली रोप लावलंय. नाचणीच हाय ती. हितं आपुन चिखलात आवणी करतो तसं न्हाई. कोरड्यात लावल्याय. राब भाजत्यात का इचार."

मी स्क्रीन तशीच दीदींसमोर धरली. दीदी हिंदीत, आबा मावळी मराठीत, मध्ये मी. नाचणीला तिथे कोदो म्हणतात. हो, मक्याच्या ओळींत जुलै-ऑगस्टमध्ये लावतात, मका निघाला की तिला ऊन मिळतं, नोव्हेंबरात कापणी. राब? नाही, भाजत नाहीत, शेणखत. पीठ गरम पाण्यात घोटून ढिंडो करतात, आपल्या उकडीसारखाच. त्याच कोदोपासून तोंगबा नावाचं पेयही करतात. लाकडी भांड्यात आंबवलेली नाचणी, वरून गरम पाणी, बांबूच्या नळीने ओढायचं. हे कळल्यावर आबा मोठ्याने हसले आणि आईने मागून विचारलं, काय झालं.

मग आबांनी मागचे दोन्ही फोटो परत पाठवायला लावले. भावाकडून तिन्ही प्रिंट करून घेतले म्हणे. दोन दिवसांनी परत फोन. "वरून तिसऱ्या टप्प्याचा बांध गेलाय. डिसेंबरच्या फोटूत हाय, आत्ताच्यात न्हाई. माती खालच्या शेतात आल्याय. त्यानला सांग."

सांगायची गरज नव्हती, दादांना माहीत होतं. जूनच्या एका रात्री ती पायरी सरकली होती. ती शेजारच्या घराची, तिथली मुलं सिलिगुडीला आणि बंगळुरूला असतात, बांध उचलायला कोणी नाही. मी मात्र त्या तीन फोटोंकडे तास-तास बघूनही मला तो दिसला नव्हता. मी वरचा कोपरा बघत होते.

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या सुमारास, चौथी फेरी. तिथे दिवाळीला तिहार म्हणतात. झेंडूच्या माळा, घरोघरी गाणी म्हणत फिरणारी पोरं, आणि शेवटी भाईटिका, म्हणजे आपली भाऊबीजच. पाऊस नुकताच हवा धुऊन गेलेला असतो, त्यामुळे शिखर असं जवळ येतं की ओरडलं तर ऐकू जाईल. पैयूं नावाची रानचेरी या दिवसांत गुलाबी फुलते. आपल्याला वाटतं चेरी वसंतात फुलते, इथली ही शरदात. मोठ्या वेलचीची तोडणी संपत आलेली असते, खालच्या ओहोळाकडे उतीसच्या झाडांच्या सावलीत तिची बेटं आहेत. तुम्हाला एकदाच जायचं असेल तर याच दिवसांत जा. गाडीचं तिकीट मात्र जमेल तितकं आधी काढा, पूजेच्या सुट्टीत अख्खा बंगाल त्याच गाडीत असतो.

जवळच्या अहलदाराच्या माथ्यावरून एका बाजूला कांचनजंगा आणि दुसऱ्या बाजूला खोल खाली तिस्ता दिसते. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक हे हिमतळं फुटलं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं आणि खाली तिस्ता बाजारातली घरं चिखलात गेली. अजूनही तिच्या पात्रात करड्या गाळाचे पट्टे दिसतात. तिथे सेल्फी काढणाऱ्यांची रांग होती. मीही काढला, उगाच कशाला खोटं बोलू.

दगडावर उभं राहून चौथा फोटो काढला. शिखर आलं, नाचणी तांबूस पिकलेली आली, आणि यावेळी मीच शोधलं, तिसरा टप्पा. बांध उचललेला नव्हता. पण सरकलेल्या कडेवर दादांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून आमलिसोचे ठोंब लावले होते. त्याची मुळं माती धरून ठेवतात, तुरे विकता येतात आणि पाला जनावरांना होतो. राबायला माणसं कमी लागतात, हे सर्वांत महत्त्वाचं, असं दादा म्हणाले. संत्र्याची झाडंही म्हातारी झालीत, रोग पडतो, पूर्वीसारखं पीक नाही. म्हणून तर होमस्टे. त्यांचाही उतार त्यांना सोपा जात नाही, हे मी आबांना नीट सांगितलं, कारण नुसते फोटो पाहून त्यांना वाटलं असतं की तिकडे सगळं छान चाललंय.

आबांनी मुळांचा जवळून फोटो मागितला. मग म्हणाले, "आपल्याकडं वाळा लावत्यात, तसंच." बोजूचाही एक फोटो मागितला. तो मी आतापर्यंत काढलाच नव्हता. चार फेऱ्यांत एकदाही नाही. बोजू आत गेली, ठेवणीतली शाल घेऊन आली, आणि दगडावर बसली. तो फोटो मी मेट्रो गलीजवळ मोठा छापून घेतला आणि कुरियरने पाठवला. दीदींचा मेसेज आला, बोजूला तो आवडला नाही, त्यात ती म्हातारी दिसते म्हणते.

आता मी हे लिहितेय तेव्हा माझ्याकडे आझाद हिंद एक्स्प्रेसचं तिकीट आहे. हावडा ते पुणे, दोन रात्रींचा प्रवास, पुढे भोर. भात लावणीचे दिवस आहेत. एजंट तिसऱ्यांदा येऊन गेला. आबांनी त्याला सांगितलं, पोरगी फोटो काढायला येणार आहे, चार वेळा यायची आहे, तोवर काही नाही. विकणार नाही, असं ते म्हणालेले नाहीत, हे मला माहीत आहे. वरच्या एका पट्ट्यात मक्यात नाचणी लावून बघणार आहेत, एवढंच.

परवा त्यांनी फोटो पाठवला. बांधावरच्या एका सपाट दगडावर चुन्याने दोन पावलं काढलीत, माझ्यासाठी. मी म्हटलं, आबा, पावसात पुसून जाईल की. तर म्हणाले, "दुसऱ्यांदा काढीन. तू ये तर आदी."